कलम चौथे

भेटलो ते सिडकोत नाही आणि कॅम्पातही नाही.
द्वारकेला, पुलाखाली,
तिथं दोघांनाही सारखाच ट्रॅफिक.

आम्ही चौघं पवननगरचे. ते चौघं देवळालीचे.
दोन वर्षं रोज रात्री एकमेकांना मारत होतो,
तोंडं पहिल्यांदाच बघितली.
अफान कोकणी इतका हडकुळा असेल वाटलं नव्हतं.
आणि जिच्या नेमाला आम्ही बोळ बदलून पळायचो
ती हर्षाली भामरे,
मांडीवर शिवणक्लासची पिशवी घेऊन बसलेली.

मिसळ आली. पहिलं भांडण जास्तीच्या पापडावरून.

मग माझ्या कंपनीच्या जॉबकार्डामागं
निकमनं लिहायला घेतलं, त्याचं अक्षर बरं.
हॅक नाही. आपोआप लागणारा नेम नाही,
भिंतीपलीकडचं दिसणं नाही.
दोन, आई-बहीण काढायची नाही.
इथं हर्षाली आमच्याकडं एकेक करून बघत राहिली
आणि चमचे फार मन लावून तर्री ढवळू लागले.
तिसरं कलम त्याच तर्रीखाली गेलं,
आता वाचता येत नाही.
चौथं तिनं सांगितलं:
ज्याची लाईट गेली, त्याला मारायचं नाही.

कळणार कसं, मी विचारलं.
उभाच्या उभा राहतो माणूस, कळतं.
आणि कुणी मुद्दाम उभा राहिला तर?
तर ते त्याच्यापाशी.
अफान म्हणाला, तीस मोजू. तीसनंतर ज्याचं त्याचं नशीब.

गल्लीत मुठीवर ओठ टेकवून टॅम्प्लीज म्हटलं
की राज्य असणाऱ्याचा हात हवेतच थांबायचा.
चप्पल तुटली, काटा रुतला, आईची हाक आली,
कारण विचारायची पद्धत नव्हती.
त्याचा कागद कुणी केला होता?

सामन्याच्या रात्री माझे तिघं आधीच पडलेले.
शेवटचं वर्तुळ, कोरडा कालवा,
आणि दुर्बिणीत ती,
कड्याच्या टोकाला, पाठ माझ्याकडं, उभी.
खेळातलं माणूस नुसतं उभं असलं तरी खांदे हलवतं,
श्वास घेतल्यासारखं,
ज्याचं आहे तो तिथं नसला तरी.

एक. दोन.
अंबडला मशीन उघडलं की स्विचवर आम्ही लाल पाटी लावतो:
हात लावू नये, माणूस आत आहे.
माणूस दिसत नाही. पाटी दिसते.
अकरा. बारा.
निळी भिंत तिच्याकडं सरकत होती,
घोट्याशी, गुडघ्याशी, कमरेशी,
गंगेला पूर आला की दुतोंड्या मारुतीवर बघतात तसा
मी तिच्यावर आकडा बघत होतो.
कानात निकम ओरडत होता, मार ना, मार, काय पूजा करतोस!
बोट बटणावर. बोटाला घाम.
तेवीस. चोवीस.

सव्विसाला गोळी आली.
तिसऱ्याच कुठल्या टीमची, ज्यांच्याशी आमचं काही ठरलं नव्हतं.
मला लागली. मग तिला.
ते जिंकले, आणि जिंकल्यावर करतात तो नाच
आमच्या दोघांच्या सामानावर केला.

रडीचा डाव म्हणावं तर कुणाला?
नियमाबाहेर काहीच झालं नव्हतं.
निकम दोन दिवस बोलला नाही.

तिचा मेसेज पहाटे, मी फर्स्ट शिफ्टला निघताना:
लाईट गेली नव्हती रे.
गॅसवर दूध होतं. उतू गेलं.
तू किती मोजलेस?

पंचवीस, मी लिहिलं.
पुढं आणखी काही लिहिणार होतो, बस आली.

त्या रविवारी परत पुलाखाली. पापड दोन जास्तीचे, न मागता.
निकम कागद पुढं सरकवून म्हणाला, हे कलमात बसत नाही.
तिनं पेन घेतलं,
लाईट या शब्दापुढं एक बाण काढला
आणि समासात, बारीक अक्षरात:
किंवा दूध.